डाव्या पंखाबाबत

मी, फकिरा सावळीराम बोरस्ते, वय ५६, राहणार इंदिरानगर, नाशिक, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, कुणी भरीस न घालता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहितो. आजार स्वादुपिंडाचा आहे, मेंदूचा नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हे पाकीट पत्नी अलका हिने अंत्यविधीआधी सर्वांसमोर फोडावं.

१. रो-हाउस व बँकेतील ठेवी अलकाच्या. अकरा वर्षं आमच्या पार्किंगमध्ये विमान आणि तिची स्कूटर पावसात. एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२. विमान. दोन आसनी. सुटे भाग परदेशातून मागवून मी एकट्याने जोडलं. शिक्षण दहावी, नकाशे डिक्शनरी घेऊन वाचले. मी कामाला होतो त्या कारखान्यातले इंजिनिअर बघायला येत, त्यांना चपला बाहेर काढायला लावत असे. कन्या तृप्ती विमान चालवायला शिकते आहे. ती म्हणते, "बाबा, पहिलं उड्डाण माझंच. दुसरं कुणी बसलं तर बघाच!"

हे विमान कुणीही, कधीही उडवू नये.

कारण: डाव्या पंखाचा सगळा भार ज्या पट्टीवर असतो तो स्पार. त्याच्या मुळाशी सात भोकं काठापासून दहा मिलिमीटरवर हवी होती. मी साचा उलटा धरला, ती सहावर पडली. तिथून पट्टी हवेत फाटू शकते. टूलरूममधला माझा जोडीदार पुंजा गांगुर्डे याने त्यावर बोट ठेवलं. "फकिरादादा, भोकं काठाला आलीत. ही फेक, दुसरी मागव." मी म्हणालो, "तू आधी सायकलचं पंक्चर नीट काढायला शीक." तो उठून गेला, तो आजतागायत आला नाही. मी वर पत्रा बसवला, रंग दिला आणि नोंदवहीत 'तपासले, बरोबर' असं लिहिलं. वहीत एवढंच खोटं आहे. पण एक खोटं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या पानांवरही भरवसा ठेवू नये.

३. माझी सर्व हत्यारं पुंजाला. त्याला बोलावून घ्यावं. त्याने माझं प्रेत घरात असतानाच तो स्पार मुळाशी कापावा. मी तीनदा ग्राइंडर घेऊन गेलो, हात चालला नाही. तृप्तीला तोंडावर सांगणंही जमलं नाही.

४. मेहुणा गोरक्ष म्हणतो, "दाजी, इगतपुरीच्या रिसॉर्टवाल्याला देऊ, शोभेला ठेवील." द्यावं. कापल्यानंतर.

५. दहाव्याला रामकुंडावर कावळा लवकर शिवणार नाही. मग कुणीतरी, बहुधा गोरक्षच, हात जोडून म्हणेल, "दाजी, काळजी सोडा, तृप्ती नवा पंख लावून तुमचं विमान उडवेल." आणि बापाच्या पिंडासमोर ती हो म्हणेल. शब्द दिला की ती मागे हटत नाही. हा हट्ट माझाच. म्हणून आत्ताच लिहून देतो, माझी तशी कोणतीही इच्छा उरलेली नाही. अर्धा तास थांबा. नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून लावा आणि पोरीला घेऊन घरी या.

सही: फ. सा. बोरस्ते
नाशिक, १२ ऑगस्ट २०२५

त्यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत. मजकूर आम्हाला दाखवलेला नाही.
१. राजू बारकू भोये, शेजारी
२. रोहित मधुकर शिरसाठ, शेजारी