हिरव्या फांद्या

गुरु. ११ डिसें., रोहा
सॅक तीन वेळा भरली. औषधांच्या डबीवर लेबल, लेबलावर चिकटपट्टी. लॅबमधली सवय, जात नाही.
दुपारी सु.चा डोलवीच्या कारखान्यातून फोन. बदलीचा माणूस आजारी, उद्या फर्स्ट शिफ्ट करावीच लागणार. म्हणजे मी उद्या ग्रुपबरोबर पुढे, तो संध्याकाळी डोंगराखालच्या वाडीवर झोपून शनिवारी एकटा चढणार. मीही थांबते म्हटलं. "तू जा. हट्ट तुझाच होता." एकोणीस वर्षांत नवरा-बायकोने मिळून ठरवलेला हा पहिला प्रवास, चार दिवस जंगलात, आणि सुरुवात ही. चिडचिड.
प्रमोद (लॅबमधला, ग्रुप त्याचा) म्हणतो, काळजी नको, वाटाड्या सोमादादा फाट्या-फाट्यावर खूण ठेवेल. असतील रिबिनी किंवा रंगाचे ठिपके.
फोन ठेवताना सु. : "माझ्या सॅकला हात लावू नकोस." गेल्या वर्षी मी कपाट आवरलं, त्यात त्याची सर्टिफिकेटं रद्दीत गेली. प्रमोशन हुकलं. विषय अजून निघतो.

शुक्र. १२, ओढ्याकाठी, मुक्काम पहिला
सहाला वाडी. अर्ध्याहून जास्त झोपड्या बंद, माणसं वीटभट्टीवर गेलेली. सोमादादा आणि त्याची बायको मागे राहतात, त्याच्याकडे वनखात्याचं वाटाड्याचं ओळखपत्र आहे म्हणून. साठीचा असेल. बुटका, कमरेला कोयता. निघताना त्याने सगळ्यांना काहीतरी समजावलं. मी सॅकचा पट्टा लावत बसले होते, अर्धं ऐकलंच नाही.
आम्ही सात जण. मला म्हणाला, "ताई, तुमी सगल्यांच्या मागं ऱ्हावा. कोन मागं पडला त हाक मारा." जबाबदारी दिली म्हणून उगाच फुशारले.
पाच तास चढ. पायाचे तुकडे. वाटेत तीन ठिकाणी कुणीतरी हिरव्या फांद्या तोडून टाकलेल्या, अगदी मधोमध. पानंसुद्धा सुकली नव्हती. काय ही झाडं तोडायची हौस! सु. मागून येणार, तो कायम मोबाईलकडे बघत चालतो. अडखळायला नको म्हणून उचलून बाजूला भिरकावल्या. रिबिनी मात्र कुठेच दिसल्या नाहीत. मी शेवटी, खाली बघून चालणारी, मला कशा दिसणार.
ओढ्यातल्या एका डबक्यातच पाणी. त्यापुढे उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नाही, असं सोमा म्हणाला. सु.ला दोन बाटल्या घे म्हणून सांगायचं राहिलं. इथे रेंज नाही.

शनि. १३
११ – नाही आला. सहाला निघाला असेल तर यायला हवा.
१२ – सोमा बघायला खाली गेला. प्र. विनोद करतोय. हसले नाही.
२ – नाही.
साडेचारला सोमा परत. एकटाच. वाडीपर्यंत जवळजवळ धावत जाऊन आला. त्याची बायको म्हणाली, पाव्हना उजाडतानाच निघाला, एक बाटली घेऊन; फांद्यांची खूण तिने त्याला सांगितली होती.
मग सगळ्यांना विचारलं, "मी फाट्याव फांद्या ठेवल्याल्या. शेंडा जिकडं, वाट तिकडं. एक पन जाग्याव नाय. कोनी हलवल्या?"
प्र. म्हणाला, गुरांनी हलवल्या असतील, नाहीतर तूच चुकीच्या ठेवल्यास. मागून एक जण पुटपुटला, घेतली असेल सकाळी. सोमाने ऐकलं.
मी बोलले नाही. पाच मिनिटं. हे इथे लिहिलंच पाहिजे.
तो पाणी प्यायला डबक्याकडे गेला तेव्हा मागोमाग गेले. सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "कुठच्या हाताला टाकल्या? आठवून सांगा."
पहिली खाली दरीत. दुसरी झुडपात. तिसरी... दोन वाटा होत्या, तिसरी मी डावीकडच्या वाटेवर टाकली. शेंडा पुढे करून पडली असेल, कुणी ठेवल्यासारखी.
"ती नालेत उतरती," सोमा म्हणाला. "पुढं कडा हाय."
मी, सोमा, प्र. तिघे तिसऱ्या फाट्यापर्यंत. अंधार पडेस्तोवर हाका मारल्या. उत्तर नाही. एक बाटली पाणी आहे त्याच्याकडे. देवा, मी एवढी व्यवस्थित का आहे.

रवि. १४
सापडला. साडेआठला. जिवंत आहे, जिवंत आहे.
नाळेच्या उभ्या घळीत घसरून कड्याच्या अलीकडे अडकलेला. घोटा मोडलाय, ओठ फुटलेत. मला बघून म्हणाला, "फांदी तर इकडेच दाखवत होती गं." मी बाटली त्याच्या तोंडाला लावली.
बांबूला चादर बांधून खाली आणला. पुढचं टोक सगळा वेळ सोमाच्या खांद्यावर. वाटेत प्र. त्याला बोलत होता, तुझ्यामुळे माणूस गेला असता. सोमा माझ्याकडे बघेल म्हणून मी खाली बघत चालले. त्याने एकदाही बघितलं नाही.
वाडीवर हळूच विचारलं, का नाही सांगितलंत?
"मानूस सापडाया पायजे होता. बाकीचा तुमी बोलाचा."

मंगळ. १६, रोहा
सु. दवाखान्यातून घरी. प्लास्टर, सहा आठवडे. येईल त्याला गोष्ट सांगतो. दर वेळी शेवट तोच, "त्या वाटाड्याला सोडणार नाही."
काल दोनदा सांगायला गेले. एकदा त्याचा डोळा लागला होता. दुसऱ्यांदा जागा होता.

गुरु. १८
प्र. येऊन गेला. तक्रारअर्ज टाईप करून आणलाय. सोमाने बेफिकिरीने चुकीच्या खुणा ठेवल्या, त्याचं ओळखपत्र रद्द करावं. ग्रुपमधल्या बाकी सहाही जणांच्या सह्या झाल्यात. सु.ने आत्ताच, माझ्यासमोर, पाय उशीवर ठेवून केली.
"मॅडम, तुमची महत्त्वाची. सगळ्यांच्या मागे तुम्हीच होतात." उद्या सकाळी न्यायला येतो म्हणाला.
अर्ज टेबलावर आहे. पेन शेजारी, कडेला समांतर ठेवलंय. मीच ठेवलं.
ओळखपत्र गेलं की सोमा वीटभट्टीवर जाणार. ह्या वयात.
सु. आतून हाक मारतोय, "वंदे, सही केलीस का?"
कोरा कागद घेतला. फांद्या मी हलवल्या, एवढं एकच वाक्य लिहिलंय. आधी त्याला वाचून दाखवते.