बारा मैलांची मोजणी

१२ जून, पहाटे ४
आणि परत तेच! ‘फक्त डोळे’ लिही म्हणे. दहा दिवस झाले, अल्सीद काका एकच टुमणं लावून बसलाय. मी काय आंधळा आहे? दिवा मारला की पाण्यावर निखाऱ्यासारखे दोन डोळे पेटतात. डोळ्यांपासून नाकपुडीपर्यंत जितके इंच, तितके फूट मगर. झाला हिशोब. पण नाक दिसायच्या आत ती बुडाली, तर लांबीच्या रकान्यात ‘फक्त डोळे’ लिहायचं. मला हे पटत नाही. मी सात फूट लिहिलं. काका म्हणाला, टेप घेऊन खाली उतरला होतास का रे, प्रोफेसर? पंख्यावर पळणारी होडी हाकणाऱ्याशी शास्त्रावर काय बोलायचं.

१५ जून
वन्यजीव खात्याची ही मगरी मोजायची इंटर्नशिप खरं तर कॉलेजच्या पोरांसाठी. माझी शाळा नववीत सुटली, पण रात्रशाळेत नाव घातलंय, म्हणजे मी विद्यार्थीच. (वर्गाला अजून गेलो नाही. रात्री मगरी असतात.)
प्लॅन पक्का आहे. नऊ आठवडे काम. मग ऑफिसच्या मुख्य टेरिओ मॅडम मला कायम करणार. तसं त्या बोलल्या नाहीत, पण परवा माझ्याकडे दोनदा बघितलं. त्यांच्याकडून पत्र घ्यायचं. ७ ऑगस्टला आर्कान्सा राज्यातल्या कोर्टात जजसाहेबांपुढे ते पत्र ठेवायचं आणि धाकट्या भावाला, टोबीला, घेऊन यायचं. आई गेल्यापासून पोरगं सरकारने नेमून दिलेल्या परक्यांच्या घरी आहे. अकरा वर्षांचा आहे. त्याची केस बघणाऱ्या हॉलिसबाई म्हणाल्या, थोरल्या भावाला कायमची नोकरी आणि डोक्यावर छप्पर आहे असं कागदावर दिसू दे, जज हो म्हणतील. छप्पर आहे. गळतं, पण पाऊस असला तरच.

२१ जून, रविवार
टोबीला फोन. त्याला सांगितलं की मी आता बायोलॉजिस्ट आहे. त्याने विचारलं, हातात मगर धरलीस? म्हटलं, रोज. मग विचारलं, माझ्यासाठी पलंग घेतलास का? म्हटलं, घेतला.
या आठवड्यात घेतो.
संकल्प: नियमांचं पुस्तक रोज पाच पानं. आज एक झालं. अक्षर फार बारीक आहे.

३ जुलै
जुन्या सामानाच्या दुकानात पलंग पाहिला. पंचेचाळीस डॉलर. त्याच दुकानात गुडघ्यापर्यंतचे बूट पन्नासला. बूट घेतले. कायम व्हायचं तर माणूस कायम झाल्यासारखा दिसला पाहिजे. पलंग काय, ऑगस्टमध्येही मिळेल.
काकाने बूट बघून विचारलं, लग्न ठरलं का रे? कुणाशी, सुसरीशी? हसला एकटाच. मग आपल्या डब्यातला भात आणि सॉसेज माझ्यापुढे सरकवलं. खाल्लं. स्वाभिमान वेगळा, भूक वेगळी.

१७ जुलै, पहाटे ३
तीन दिवसांच्या पावसानंतर आज मोठी फेरी. बारा मैल. धक्क्यावरच्या मापाच्या फळीवरची पाण्याची उंची नीट वाचून तक्त्यात लिहिली: नेहमीपेक्षा दोन फूट वर. हे काम मी कधी चुकवत नाही.
सहा मैलांत अकराच मगरी. मग विजा सुरू झाल्या. काकाने होडी वळवली. म्हणाला, पुढच्या खान्यांत ‘मोजणी झाली नाही’ लिही आणि झोप जा. मगरी उद्याही इथेच असतील, आपणही असू या.
मी म्हटलं, अर्धवट तक्ता दिला तर मॅडम काय म्हणतील? तो म्हणाला, वीज पडली नाही, बरं झालं, असं म्हणतील.
त्याला काय जातंय. ७ ऑगस्ट त्याची नाही.

१८ जुलै
तक्ता पूर्ण केला. ऑफिसातल्या फायलीत गेल्या वर्षीचा तक्ता होता. शेवटच्या सहा मैलांत चौऱ्याण्णव. जसाच्या तसा उतरवणं बेइमानी झाली असती, म्हणून तीन वाढवल्या. शेवटी अनुभवाचा अंदाज म्हणून काही असतो. मगरी काय घर बदलतात?
मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो. अक्षर सुंदर आलंय.

२७ जुलै
मॅडमनी बोलावलं. कायम करण्याचंच असणार म्हणून बूट पुसून गेलो.
तक्ता पुढे ठेवून म्हणाल्या, पहिल्या सहा मैलांत अकरा आणि पुढच्या सहांत सत्त्याण्णव? तिकडे सभा होती का त्यांची? मी म्हटलं, असेल. मग त्यांनी माझ्याच हाताने लिहिलेल्या पाण्याच्या उंचीवर बोट ठेवलं. दोन फूट पाणी चढलं की मगरी खाडी सोडून बुडालेल्या गवतात पसरतात, दिव्यात दिसतच नाहीत. हे पुस्तकात पान दोनवर आहे, म्हणाल्या.
मी एक नंबरच्या पानापर्यंत पोचलो होतो.
काकाला बोलावलं. त्याने टोपी काढली, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, सहाव्या मैलावर वळलो आम्ही, मॅडम. पोराने सांगितलं नाही का?
गद्दार.
मॅडम ओरडल्या नाहीत. याच आकड्यांवरून सप्टेंबरात शिकारीचे परवाने वाटतात म्हणाल्या. आता तू हात लावलेला एकही तक्ता मला वापरता येणार नाही. उद्यापासून येऊ नकोस, ओरिन.
मॅडमना थोडा राग आलाय. ओसरेल.

२९ जुलै
मॅडमकडे पत्र मागायला गेलो. टोबीचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, हे आधी सांगितलं असतंस तर अर्ध्या तक्त्यावरही मी पत्र दिलं असतं. पण दिलं शेवटी. माझ्यासमोरच दोन ओळी लिहून पाकीट चिकटवलं. मोठी माणसं थोडक्यातच लिहितात. हॉलिसबाईंना पाठवून दिलं. वाचलं नाही, पाकीट बंद होतं.

७ ऑगस्ट
सुनावणी फोनवर. जजसाहेबांनी विचारलं, काय करता? म्हटलं, वन्यजीव खात्यात आहे, साहेब, मगरींकडे. त्यांनी पत्र वाचून दाखवलं. “यांनी इथे आठ आठवडे काम केले. आता ते इथे नाहीत.”
टोबी तिथेच राहणार. त्या घरच्यांना त्याला दत्तक घ्यायचंय. संध्याकाळी हॉलिसबाईंना विचारलं, त्याला कळल्यावर काय म्हणाला? म्हणाल्या, “बरं” म्हणाला.
एवढंच. समजूतदार आहे. माझ्यावर गेलाय.

१९ ऑगस्ट
अल्सीद काका माझ्या चाकांवरच्या घरापाशी, ट्रेलरपाशी आला. मी दार उघडलं नाही. तो बाहेरूनच बोलला: माझ्या मेहुण्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला माणूस हवाय, येतोस का? खोटं नाही बोललो रे मी, पोरा, विचारलं म्हणून सांगितलं.
विचार करून कळवतो म्हटलं. अशा शेडना सुपरवायझरची गरज असतेच.

८ सप्टेंबर
शेडमध्ये सोलायला जातोय; सुपरवायझर आहे त्यांच्याकडे. सोळा वर्षांची मुलगी आहे, माझ्या दुप्पट सोलते. पगार वजनावर. बोटं इतकी फाटलीत की पेन धरवत नाही.
टोबीने रविवारी फोन उचलला नाही. त्या घरच्या बाईंनी उचलला. चांगल्या बोलल्या. तो मासे धरायला गेलाय म्हणाल्या, “बाबांबरोबर.” पैसे पाठवायची काही गरज नाही, असंही म्हणाल्या.
गरज कशी नाही. भाऊ आहे मी. दर महिन्याला शंभर पाठवायचे ठरवलंय, त्यात बदल नाही. या महिन्यात ट्रेलरचं भाडं गेलं, हातमोजे घ्यावे लागले. पोस्टात जाऊन मनीऑर्डरचा फॉर्म भरला. रकमेच्या खान्यात आधी शंभर लिहिलं होतं, मग फॉर्म बदलून घेतला.
अठरा डॉलर.