माझ्या मिश्रीने कोणाचं काय बिघडलं

प्रिय सीमा,

जय भीम. परळहून शीवला पत्र धाडते म्हणून हसशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि समोर बसलीस की माझाच धीर सुटतो. तुझ्या कॉलेजातल्या मुलांच्या वादविवादाचा विषय तू मला गेल्या आठवड्यात सांगितलास, की ज्या व्यसनाने दुसऱ्या कोणाचं काही बिघडत नाही, त्यावर कायद्याने बंदी घालावी का. वर म्हणालीस, आई, तुझ्या मिश्रीवरच बोलायला सांगते पोरांना. तू फोन ठेवलास आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पन्नास वर्षं रोज सकाळी हिरड्यांवर बोट फिरवतेय. त्याने माझ्याशिवाय कोणाचं काही बिघडलंय का, हे एकदा शोधूनच काढावं म्हटलं.

आधी शेजारच्या कमलला गाठलं. बंदी घातली तर सकाळी माझं पोट काय सरकार साफ करणार, असं तिने मलाच विचारलं. मग दोघी विचार करत बसलो, की पोलीस आपल्याला पकडणार तरी कसे? बोट हुंगून? गुटख्यावर बंदी असून तो टपरीवर मिळतोच, मग आमच्या डबीपर्यंत कोण पोचतंय! खूप हसलो. हसता हसता कमल बोलून गेली, की जुन्या चाळीत मी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्खा मजला ठसकायचा आणि तिचा दमेकरी सासरा गॅलरीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. इतक्या वर्षांत तिने हे कधी काढलं नव्हतं. चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये आल्यावर मी एकदाच भाजली, तर धुराचा भोंगा वाजला. वॉचमन जिन्याने धापा टाकत चौदाव्या मजल्यावर आला आणि तुझ्या भावाने, राजरत्नने, त्याला पापड जळला म्हणून सांगितलं. म्हणजे माझ्यापायी पोरगा खोटंही बोलला.

रविवारी विहारात भंतेंना विचारलं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते मी लग्नाआधीपासून म्हणतेय आणि घरी येऊन डबी उघडतेय. मिश्री त्यात धरायची का? ते म्हणाले, शील पोलीस तपासत नाहीत, ज्याने घेतलं त्यानेच तपासायचं. म्हटलं, बघूया तर खरं. सोमवारी विकतच्या मिश्रीची पुडी केरात टाकली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं आणि दोरीवरच्या कपड्यांवरून मी कमलशी भांडले. त्या संध्याकाळी केराच्या डब्यात हात घालून तीच पुडी शोधून काढली. बालवाडीतल्या मुलांना तीस वर्षं हात धुवायला शिकवलेली बाई मी! फार लाज वाटली गं. मनात आलं की सोडेन, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खरं नव्हतं.

आता पत्राचं कारण सांगते. गेल्या महिन्यात तुझ्याकडे राहायला आले तेव्हा सेफ्टी पिनसाठी तुझी पर्स उघडली. आत क्रीमची डबी होती. झाकण काढायच्या आधीच वासाने कळलं. होती तशी ठेवून दिली. चौथीत तुझी दाढ दुखत होती, आठवतं? तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस, मला कामावर जायला उशीर होत होता, आणि मी माझ्या डबीतली चिमूट तुझ्या बोटावर ठेवली. पाच मिनिटांत शांत झालीस. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नसताना पुन्हा मागितलीस, तरी मी दिली. तू गप्प बसायचीस म्हणून पुढेही बरेच दिवस दिली. मग तू मागणं थांबवलंस आणि मला वाटलं, विसरली पोर. तू इतकी वर्षं माझ्यापासून लपवत राहिलीस आणि मी चाळभर सांगत राहिले, की माझ्या मिश्रीचा कोणाला काही त्रास नाही. बंदी हवी की नको, ते तुझ्या मुलांना भांडून ठरवू दे, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढच्या बुधवारी सकाळी दहा वाजता इथल्या दवाखान्यात तोंड तपासून घ्यायला दोघींची नावं दिली आहेत. खुर्चीत आधी मी बसेन. माझ्यावर हवं तितकं रागाव, पण ये.

तुझीच, आणि तुझी गुन्हेगार,
आई