उकिरड्यावरचा हिरवा भात

प्रिय माय,

आज भाताची रोपं उपटताना मुळं बघून तुला हाक मारली. मग आठवलं, तू नाहीस. म्हणून हे पत्र, बांधावर बसून, चिखलाच्या हातानं.

तो डबा आठवतो ना? शहाद्याच्या प्रशिक्षणातून मी ट्रायकोडर्मा आणली होती. रोपं कुजवणाऱ्या बुरशीला खाणारी ही चांगली बुरशी, शिजवलेल्या कण्यांवर वाढवत होते. आठवड्यात डबा कसा हिरवागार झाला! ओल्या खोबऱ्यासारखा वास यायचा.

आणि तू तो उकिरड्यावर रिकामा केलास!

"भात सडी गया नि तू कपाटमा ठेवस? अन्न नासाडाले लाज नही वाटस का तुले?"

वर डबा राखेनं घासून माझ्यापुढे ठेवलास, चकचकीत. मी तुला अडाणी म्हणाले, माय. मग आठ दिवस अबोला. शेतातून आले की तू रोज विचारायचीस, "जेवनी का वं?" मी गप्प. नवव्या दिवशी दुपारी तू जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. एक दिवस तरी थांबायचंस ना!

यंदा दोन वाफे टाकले. विकतच्या खताच्या वाफ्यातली रोपं बुडाशी तपकिरी होऊन बसली, दरवर्षीसारखीच. आपल्या उकिरड्याच्या खतावरची मात्र वीतभर वाढली. उपटली तर पांढऱ्याशुभ्र मुळांचा झुपका! मी धावत उकिरड्याशी गेले, तळाचं खत हुंगलं. खोबरं!

कोंबड्यांनी सडका भात खाऊ नये म्हणून तू त्यावर शेण ओढलंस, पोतं टाकलंस. भांड्यांचं पाणीही तिथंच ओतायचीस. शेणखतात मिसळा, ओलं ठेवा, झाका, असंच तर आम्हाला शिकवलं होतं. शिकलेली मी डबा कपाटात जपून बसले होते. सांग, अडाणी कोण?

आता डोळे मिटले की तू जमिनीखालून चालताना दिसतेस. अंधार नसतो तिथं, हिरवट उजेड असतो. पदर खोचून तू एकेका मुळाशी वाकतेस आणि विचारतेस, जेवलं का. मुळं हलतात. मला तिथून उठावंसंच वाटत नाही.

दर उन्हाळ्यात कण्या शिजवीन, हिरव्या होऊ देईन आणि तू टाकल्यास तशाच उकिरड्यावर टाकीन, वर ओलं पोतं. डबा राखेनंच घासीन.

आणि तू विचारत होतीस ना? हा माय, जेवनू.

तुझी,
सुमी