गॅलरीच्या टोकाची काठी

सोलापूर,
फेब्रुवारी १९७४

प्रिय केरा,

ही ब्रेलची टिंबं टोचताना बोटं गार पडलीयेत. तुझ्या माहेरी करमाळ्यात ती तुझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत हे बरंय. नाहीतर तुझी भावजय म्हणायची, गोजर आंधळी होतीच, आता वेडीही झाली!

गेल्या महिन्यात एसटीचा सवलतीचा पास काढायला सात रस्त्याजवळच्या त्या कचेरीत गेले. तीच माडी, जिथून पडून तुझा नवरा गेला, आपला धुळाप्पा. वर्ष होत आलं, पण गॅलरीचं टोक अजून उघडंच. काय केलंय माहितीये? लाल पाटी टांगलीय. लाल! आंधळ्यांच्या पासाच्या कचेरीत! साहेबाला विचारलं, रंग हाताला लागतो का हो? कागद चाळायला लागला मेला.

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, सगळे जेवायला उतरले. मी भिंतीला हात लावून निघाले आणि वळण चुकले. तेवढ्यात पुढून ठक, ठक. अंधशाळेच्या वसतिगृहातली आपल्या तिघांची रीत आठव. कडा लागली की पुढच्यानं काठी दोनदा आपटायची, मागच्यानं एकदा आपटून उत्तर देईपर्यंत जागा सोडायची नाही. उत्तर आलं की खुशाल निघायचं. मी थबकले. काठी पुढे केली, तर खाली फरशीच नाही.

दुसरा ठोका किणकिणला, केरा. धुळाप्पाच्या काठीची पितळी टोपी सैल होती ना, तसाच. आणि ओल्या वेताचा वास, खुर्च्या विणून त्याच्या अंगाला यायचा तो. खोटं कशाला सांगू, ओरडलेच मी. महिपती शिपाई धावत वर आला. म्हणाला, "बाई, हितं तुमच्याबिगर कुणी न्हाय की!" तो बोलत होता तेव्हाही ठोके चालूच होते. त्याला ऐकू येत नव्हते. आणि ती काठी तर तुझ्याकडे, करमाळ्याला खुंटीवर आहे.

त्यानंतर रोज जातेय, साहेबाशी भांडायला. रोज ठोके येतात.

अखेर कठडा मंजूर झाला. सोमवारी लोहार बसवणार. मग कडा सांगायला कुणी उभं राहायला नको. मी अजून उत्तर दिलेलं नाही, केरा. काठी उचलली होती, पण हात खाली आणवला नाही. माझ्या एका ठोक्यानं तो निघून गेला असता, आणि तो ठोका तुझा आहे. शनिवारी पहिल्या गाडीनं ये. मी स्टँडवर उभी असेन. तुझी काठी विसरू नकोस.

तुझीच,
गोजर