मुदत सरलेल्या कुप्या

१४ नोव्हेंबर

दुपारी पोहोचलो. खिंड बंद होण्याआधीचा शेवटचा ट्रक मिळाला, खुदाची कृपा. चौकी वाटली होती त्यापेक्षा चांगली निघाली. भिंती जाड दगडी, खाली सरहद्दीची पंज नदी, आणि पलीकडचं अफगाण गाव इतकं जवळ की तिकडच्या बायका गालिचे झटकतात तेही दिसतं. मला कोठी सांभाळायची आहे. पीठ, डिझेल, बूट, कागद, सगळं माझ्या ताब्यात. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला याहून शांत नोकरी कुठली मिळणार? मेजर आशूरबेक म्हणाले, बरं झालं, एक तरी पिकल्या केसांचा आला. दोघे शिपाई अगदीच कोवळे आहेत. स्वयंपाकीण गुलबेगिमने मीठ-लोणी घातलेला दूधचहा दिला, त्यात नान कुस्करलेला. मी सावकाश खातो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अको, तुम्ही चावताय की दुआ म्हणताय?" आल्या दिवशीच मी तिचा अको, थोरला भाऊ, झालो.

१६ नोव्हेंबर

कोठी लावून झाली. अंमली पदार्थ ओळखायच्या पिशव्यांची पेटी स्वयंपाकघरात, चुलीवरच्या कोनाड्यात सापडली. प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत काचेची एक बारीक कुपी असते. पिशवीत चिमूटभर माल टाकायचा, बाहेरून दाबून कुपी फोडायची आणि हलवायचं. रस जांभळा झाला तर अफू नाहीतर हेरॉइन. पेटीवर छापलंय की थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. पण छापणाऱ्याने आमची थंडी पाहिलेली नाही. मागे एका हिवाळ्यात सगळ्या कुप्या गोठून तडकल्या, तेव्हापासून जो येतो तो पेटी चुलीशी ठेवतो, कोंबडी अंड्यांवर बसवावी तशी.

रस पाण्यासारखा नितळ हवा. आमचा कडक चहासारखा झालाय. मुदतही मागच्या वर्षीच सरली. मेजरना सांगितलं तर ते थकून हसले. नवी पेटी खिंड उघडल्यावर येईल, तोवर दरवर्षीसारखी जुनी तारीख स्पिरिटने पुसा आणि पुढची घाला, म्हणाले. मी घातली. अक्षर छान आलं.

२१ नोव्हेंबर

वरच्या वाटेने एक म्हातारा आला, नझरखुदो त्याचं नाव. खालच्या गावात त्याची मुलगी बाळंत झाली आहे. तिच्यासाठी वाळल्या तुतींचं पीठ घेऊन निघाला होता. शिपायांनी रीतीप्रमाणे चिमूट घेतली आणि कुपी फोडली.

जांभळा. जवळजवळ काळा.

म्हातारा बाबा आधी हसला. पोरांनो, तुतीला रंग असायचाच, म्हणाला. मग शिपायांची तोंडं पाहून पिशवी छातीशी धरली. त्याला कोळशाच्या खोलीत कोंडलंय. नदीकाठची वाट मोकळी झाली की गाडी येईल, त्याला शहरात नेतील, आणि मग या वयात तो परत येणं कठीण. अहवालावर मेजरच्या सहीखाली माझी सही लागते, की पिशव्या मुदतीतल्या होत्या आणि नीट ठेवल्या होत्या. गोड पदार्थ पडला तरी हा रस करपून काळा होतो, असं कुठेतरी ऐकलं होतं. मेजर म्हणाले, सही आज नको तर उद्या करा.

२३ नोव्हेंबर

बाबा आमचं अन्न शिवत नाही. "ज्या घरात मला चोर म्हणतात, त्या घरचं मीठ माझ्या घशाखाली उतरणार नाही," असं दाराआडून म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. म्हणून त्याच्यासाठी बटाटे अळणी उकडून नेतो. मुलगा झाला की मुलगी, एवढंही त्याला ठाऊक नाही. मला विचारतो, मी कुठून सांगू?

त्याची पिठाची पिशवी कोठीत आहे. आज तिच्यापाशी उंदीर पडले होते, एकमेकांना लागून. मेले नव्हते. पोटं हलत होती, पण शेपटी धरून उचलले तरी जागे होईनात. मी बोटाला पीठ लावून चाखलं. याच पिठावर आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याची गोडी मला झोपेतही कळेल. हे कडू होतं. जीभ बधिर झाली. दुपारभर मेल्यासारखा झोपलो आणि अस्रची, तिसऱ्या प्रहराची, नमाज चुकली.

म्हणजे म्हातारा खोटं बोलतोय का? पेन उघडलं होतं. मग बंद केलं. आधी कुप्याच तपासून बघू.

२५ नोव्हेंबर

सकाळी मेजरसमोर तीन पिशव्या मांडल्या. एकीत आमच्या पोत्यातलं गव्हाचं पीठ, दुसरीत बरणीतलं मीठ. तिसरी रिकामीच फोडली. तिन्ही जांभळ्या.

गुलबेगिमने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे अको, आजवर मी तुम्हाला हेरॉइनच्या रोट्या घातल्या? आणि पगार मात्र स्वयंपाकिणीचाच?" शिपाई हसता हसता वाकले. मेजरही हसले, मी आल्यापासून पहिल्यांदा. अहवाल बाजूला सारला. बर्फ थांबलं की सकाळी म्हाताऱ्याला सोडा, म्हणाले. दाराशी जाऊन बाबाला सांगितलं. आतून हुंदके ऐकू आले. कडू पिठाचं कोडं नंतर बघू. खुदाचे आभार मानले. कित्येक दिवसांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

बर्फ थांबत नाही. आजचा नान कडवट लागला, दूधचहाही. गुलबेगिम म्हणते की माझं तोंडच कडू आहे, नानचं नाव कशाला? सगळे पेंगुळलेले. हवाच तशी, असं मेजर म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकून झोपी गेले. एक शिपाई पहाऱ्यावर उभ्या उभ्या घोरत होता. उठवलं, तो हसला आणि पुन्हा झोपला.

२७ नोव्हेंबर

गुलबेगिम उठत नाही. हात परातीतल्या कणकेत, गाल परातीच्या काठावर. श्वास चालू आहे, फार सावकाश. तोंडावर पाणी मारलं, नावाने हाका मारल्या. शेवटी तिच्यावर घोंगडी घातली.

पोत्यापाशी गेलो. पीठ चाखलं. मीठ चाखलं. तीच कडू बधिरता.

कळलं. मुदत सरलेल्या या कुप्या वस्तू ओळखत नाहीत. त्या नुसतं सांगतात, आणि वस्तू तशी होते. तुतीचं पीठ चांगलं होतं. आमचं पीठही चांगलं होतं. बाबाला सोडवायला मीच ते पिशवीत घातलं.

वायरलेसवर शहर लागलं. तिकडचा म्हणाला, जीभ अडखळतेय, किती प्यायलात? मी कधी पीत नाही असं सांगितलं, तर हसला. बर्फ आहे, गाडी येणार नाही —

दुपारी

एक शिपाई थंड पडला आहे. दुसऱ्याच्या तोंडाशी आरसा धरला. धूसर होतो की नाही, कळत नाही. मी दोन दिवस तेच खाल्लंय. मेलेल्यासाठी फातिहा म्हणायला बसलो, मधेच शब्द सापडेनात. लहानपणापासूनचे शब्द —

२८ नोव्हेंबर

मेजर गेले. गुलबेगिमही. बर्फ थांबलं. ऊन पडलंय. जागे आम्ही दोघेच, मी आणि कोंडलेला बाबा. त्याने मीठ शिवलं नाही, म्हणून. मी झोपलो तर त्याचं दार कोण उघडणार? किल्ली मेजरच्या खिशात. काढली. पायऱ्या —

बसतो जरा. नाही, बसायचं नाही.

नंतर

उघडलं. तो मोकळा आहे. अहवाल चुलीत घातला, त्याच्यासमोर. म्हणालो, बाबा, तुमच्यावर डाग नाही, चूक आमची. त्याने माझे हात कपाळाला लावले. म्हणाला, आता या घरावर माझा राग नाही. बाकीच्यांना बघू दिलं नाही, झोपलेत म्हणालो. तुतीची पिशवी मागितली, तीही दिली नाही. म्हणालो, उंदीर पडले त्यात.

हात रिकामे घेऊन बाळंतिणीकडे कसं जाऊ, म्हणाला. खरंच होतं. उंबऱ्यावरून पाहुणा रिकामा पाठवायचा नसतो, आमच्यात नाही पाठवत. फडक्यात दोन नान होते. ते त्याच्या कमरपट्ट्यात मीच बांधले. खूष झाला. पोरगी दुधात कुस्करून खाईल, म्हणाला. वळणापर्यंत बघत उभा राहिलो. चांगलं चालतो या वयात. एक तरी काम नीट —

डोळे मिटतात —

नान. गुलबेगिमच्या हातचे. परवाचे. त्याच पोत्या —

हाक मारली. आवाज फुटत नाही. दारापर्यंत तरी — ती दुधात कुस्करेल, आणि मग बाळ तिच्या अंगावर —