टमाटरच्या कुंपणाचा करंट

पियुषचे बाबा,

“वच्छला, तिन्ही भेदरांचं बी राखजो,” असं तुमची माय म्हणायची. यंदा त्या तीन जातींच्या भेदरांपैकी मोठे टमाटर रानडुकरं खाऊन राह्यले, चपटे सडले. लहान आंबटांना मात्र कोणी तोंड लावत नाही. तेवढंच बी राहू द्या, माय माफ करेल.

कुंपणातला करंट मी बंद केला आहे. हात जोडते, पुन्हा लावू नका. सकाळी पूजेची फुलं तोडायला गेले, तर सत्यशीलाबाईंचं कुत्रं तारेला चिकटून मेलेलं. त्यांची हर्षा तिथूनच शाळेत जाते.

कुत्रं कशानं मेलं ते त्यांना खरं सांगेन, असं देवापुढं कबूल केलं आहे. आजचा उपास तोवर सोडणार नाही. त्यांच्याकडंच निघाले.

वच्छला